थट्टेचा भुर्दंड कोणाच्या माथी?

रस्त्यावरचा सूचनाफलक म्हणजे समाजाने अनोळखी वाटसरूला दिलेला शब्द असतो. पुढे रस्ता खचला आहे, वळण बिकट आहे, माणसे कामावर आहेत, तेव्हा वेग आवरा, एवढेच तो सांगतो. त्यासाठी तो कोणाकडून दाम घेत नाही आणि श्रीमंताची मोटार व गरिबाची सायकल असा भेदही करीत नाही. वाचणारा त्याची शहानिशा करीत बसत नाही, कारण शहानिशेला अवधीच नसतो. या शब्दाशी गेली काही वर्षे जो खेळ चालला आहे, त्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

या खेळाचे माहेर अमेरिका. जानेवारी २००९ मध्ये टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन येथे, विद्यापीठाच्या परिसराजवळ, रस्त्याचे काम चालू असल्याची सूचना देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर एके सकाळी लोकांना निराळीच अक्षरे दिसली : ‘सावधान, पुढे झॉम्बी आहेत.’ झॉम्बी म्हणजे थडग्यातून उठून माणसांच्या मागे लागणारी प्रेते. आपल्याकडच्या वेताळाचे परदेशी भाऊबंद. फलकाच्या पेटीचे कुलूप तोडून कोणीतरी मजकूर बदलला होता. लोक हसले, छायाचित्रे देशभर गेली. ही किमया कशी साधते याची साद्यंत कृती मोटारींच्या षोकिनांसाठी चालणाऱ्या एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली, आणि पाहता पाहता इलिनॉयमध्ये झॉम्बींमुळे रस्ता बंद झाला, तर इंडियानात डायनासोरच्या जातीचे हिंस्र प्राणी वाटेवर उतरले. मे २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फलकाने गॉडझिलाचा हल्ला झाल्याची वर्दी देऊन लोकांना मागे फिरण्यास सांगितले. २०१६ मध्ये डॅलसच्या फलकांनी नोकरदारांना काम रद्द झाले असून घरी परत जावे असे फर्मावले. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात तर फलकापाशी जाण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. संगणकाच्या जाळ्यातून दूरवरून आत शिरून कोणीतरी आपले टोपणनाव हमरस्त्यावर झळकावून गेला.

हे सारे ऐकून हसू येते, आणि हसू येण्यात काही पाप नाही. सत्तेच्या गंभीर मुद्रेची फजिती झालेली पाहून सामान्य माणसाला जो आनंद होतो, तो निरोगी आनंद आहे. सोंगे आणि तमाशातल्या सोंगाड्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला हे शिकविण्याची गरज नाही. परंतु सोंगाडा ज्याची थट्टा करतो तो पाटील समोर बसलेला असतो, आणि सोंगाड्याचे तोंडही सर्वांना दिसत असते. रस्त्यावरच्या या थट्टेत फजिती कोणाची होते आणि तिचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

त्यासाठी हे यंत्र काय आहे ते पाहणे आवश्यक आहे. चाकांच्या गाड्यावर बसविलेली एक चौकट, तिच्यावर पिवळसर दिव्यांची जाळी, माथ्यावर सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणारा पत्रा, खाली बॅटऱ्या आणि एका पेटीत अक्षरे टंकण्याची सोय. सामान्यतः तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. हा मजकूर किमान दिवसा आठशे फुटांवरून आणि रात्री सहाशे फुटांवरून वाचता यावा, असा संकेत त्या देशाच्या संघीय नियमपुस्तिकेत घालून दिलेला आहे. ताशी साठ मैल वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ८८ फूट कापते. म्हणजे रात्री वाचण्यासाठी, वाचलेले समजून घेण्यासाठी आणि त्यानुसार पाय ब्रेकवर नेण्यासाठी मिळून सात सेकंदही हाती नसतात. तेवढ्या अवधीत त्या चोवीस घरांमध्ये जे असेल, तेवढेच चालकाचे जग. तेथे झॉम्बी असतील, तर पुढची खचलेली कड तेथे नसते. थट्टेने फलकावर केवळ भर पडत नाही. खऱ्या सूचनेची जागाच ती बळकावते.

फलकावरच्या शब्दांनी असा कितीसा फरक पडणार, असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच टेक्सासमधला दाखला उपलब्ध आहे. ऑगस्ट २०१२ पासून त्या राज्याच्या वाहतूक खात्याने दर महिन्यातील एक आठवडा आपल्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर त्या वर्षातील रस्ता-अपघातांतील मृतांचा आकडा दाखविण्यास प्रारंभ केला. हेतू अर्थातच चालकांना सावध करण्याचा होता. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन या दोन अभ्यासकांनी त्या आठवड्यांची इतर आठवड्यांशी तुलना करून २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो निष्कर्ष मांडला तो विचार करावयास लावणारा आहे. आकडा दाखविला जात असताना फलकाच्या पुढील दहा किलोमीटरमध्ये अपघात साडेचार टक्क्यांनी वाढत होते. त्या एका राज्यात याचा परिणाम वर्षाला सुमारे २,६०० अधिक अपघात आणि १६ अधिक मृत्यू इतका असावा, असा त्यांचा अंदाज आहे. येथे थट्टा नव्हती. सरकारी, गंभीर आणि खरा मजकूर होता. तरीही मनाला धक्का देणाऱ्या चार अक्षरांनी चालकाचे चित्त रस्त्यावरून उडत होते. अवधान ही टंचाईची वस्तू आहे. ती एकीकडे खर्च झाली की दुसरीकडे उणी पडते.

आता त्या फलकाच्या पलीकडे कोण असते ते पाहावे. शंकूंच्या रांगेमागे, भडक रंगाचे अंगरखे घालून, डांबराच्या वाफेत, बहुधा रात्रपाळीत काम करणारी माणसे तेथे असतात. अमेरिकेत रस्त्याच्या कामाच्या टप्प्यांत होणाऱ्या अपघातांत २०१९ ते २०२३ या काळात प्रतिवर्षी आठशेहून अधिक जीव गेले. त्यांतील बहुसंख्य, पाचांपैकी सुमारे चार, स्वतः चालक किंवा प्रवासी होते. उरलेल्यांत कामगार आणि पादचारी. २२ मार्च २०२३ रोजी बाल्टिमोरजवळच्या हमरस्त्यावर एक भरधाव मोटार काँक्रीटच्या अडथळ्यांमधील फटीतून कामाच्या जागेत शिरली आणि सहा कामगार ठार झाले. त्या दुर्घटनेशी कोणाच्या थट्टेचा संबंध नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु शंकूंच्या रांगेमागच्या माणसाचे आयुष्य किती बारीक धाग्यावर लोंबकळत असते हे तिने दाखवून दिले. चालकाने अलीकडचा फलक वाचणे आणि त्यावर विश्वास ठेवणे, हा त्या धाग्यातलाच एक पीळ आहे.

थट्टेमुळे कोणता अपघात झाला ते दाखवा, असे आव्हान देण्यात येते. हे आव्हान फसवे आहे. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाच्या गोष्टीत पहिल्या दोन आरोळ्यांनी एकही मेंढी मेली नव्हती. मेला होता तो गावकऱ्यांचा विश्वास, आणि मेंढ्या मेल्या त्या तिसऱ्या वेळी. फेब्रुवारी २०१३ मध्ये मोन्टाना राज्यातील एका दूरदर्शन केंद्रावरून, आणीबाणीचे इशारे देण्यासाठी राखून ठेवलेल्या यंत्रणेमार्फत, मृतदेह थडग्यांतून उठत असल्याची घोषणा झाली. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री डॅलस शहरात वादळाचा इशारा देणारे सर्वच्या सर्व १५६ भोंगे कोणीतरी वाजविले. ते मध्यरात्र उलटून गेल्यावरच थांबले. तेवढ्यात मदतकेंद्राच्या दूरध्वनीवर चार हजारांहून अधिक लोकांनी हाक मारली. म्हणजे ज्यांच्या घरी खरोखरच कोणी अत्यवस्थ होते त्यांनाही त्या गर्दीत रांग लावावी लागली. असे भोंगे पुढच्या वेळी वाजतील तेव्हा किती लोक पांघरूण ओढून पुन्हा झोपी जातील? हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. परंतु करांच्या पैशांतून आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवातून उभे राहिलेले विश्वासाचे भांडवल त्यात खर्ची पडते, आणि ते कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे त्याची फिर्यादही कोणी नोंदवीत नाही. लाभ एकाच्या पदरी आणि तोटा असंख्यांत विखुरलेला, असा हा व्यवहार आहे. कारखानदार नदीत सांडपाणी सोडतो तेव्हा त्याचे गणित याहून वेगळे नसते.

मात्र थट्टेखोराला दोष देऊन थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. या प्रकरणांतील बहुतेक ठिकाणी कुलूप तोडण्यास फारसे कौशल्य लागलेच नव्हते. ही यंत्रे कारखान्यातून येतात तेव्हा त्यांना एक ठरावीक सांकेतिक शब्द दिलेला असतो. तो सर्व यंत्रांना एकच असतो आणि माहितीपत्रकात छापलेलाही असतो. यंत्र घेणाऱ्याने तो प्रथम बदलावा अशी अपेक्षा असते, आणि नेमके तेच होत नाही. मोन्टानाच्या प्रकरणानंतर सरकारला प्रक्षेपण केंद्रांना कळवावे लागले की मूळ सांकेतिक शब्द बदला. नॉर्थ कॅरोलिनाच्या प्रकरणानंतर संघ सरकारच्या सुरक्षा विभागाने रस्त्यावरच्या फलकांबाबत पुन्हा तीच सूचना काढली. म्हणजे २००९ मध्ये जो दरवाजा उघडा असल्याचे साऱ्या देशाने हसत हसत पाहिले, तो २०१४ मध्येही उघडाच होता.

सांकेतिक शब्द बदलण्यास चार मिनिटे पुरतात आणि त्याला पैसा लागत नाही. मग तो बदलला का जात नाही? याचे उत्तर यंत्रात नाही, व्यवस्थेत आहे. फलक विकत घेताना निविदेत चौकटीची लांबी-रुंदी असते, दिव्यांची संख्या असते आणि अखेरीस सर्वांत कमी दर असतो. फलक सांभाळण्याचे काम कोणाचे, हे तेथे लिहिलेले नसते. फलक एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, काम तिसऱ्या कंत्राटदाराचे आणि मजूर चौथ्या ठेकेदाराचे. या साखळीत प्रत्येकाला आपली रक्कम ठाऊक असते, जबाबदारी मात्र कोणालाच ठाऊक नसते. पहाटे तीन वाजता मजकूर बदलावा लागला तर कोणालाही करता यावा म्हणून सर्वत्र एकच शब्द ठेवण्याची सोय पाहिली जाते. त्या सोयीचा दोष पेटी उघडणाऱ्या मजुराला देता येणार नाही. उद्घाटनाची कोनशिला बसविण्यास मंत्री येतात. कुलूप लावले की नाही हे पाहण्यास कोणी येत नाही. निगा राखणे हे काम डोळ्यांत भरत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याच्यावर प्रथम कात्री चालते. सार्वजनिक वस्तू म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू, हा जो समज खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी दृढ केला आहे, त्याला अशा बेवारस फलकांनी आयतेच बळ मिळते.

राज्यकर्त्यांनी स्वतःही या शब्दाची आब राखली आहे असे नाही. अमेरिकेतील कित्येक राज्यांच्या वाहतूक खात्यांनी लोकप्रियतेच्या मोहाने फलकांवर कोट्या आणि गाण्यांचे संदर्भ झळकविण्यास आरंभ केला होता. २०२२ मध्ये न्यू जर्सीला संघीय खात्याने त्यापासून परावृत्त केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये निघालेल्या नियमपुस्तिकेच्या अकराव्या आवृत्तीत असा विनोदी मजकूर टाळण्याचा दंडक घातला गेला. ही सुबुद्धी उशिरा सुचली. सरकारी विनोदाला टाळ्या आणि पोरांच्या विनोदाला फौजदारी, ही नीती टिकणारी नव्हती.

येथे पुरोगामी चळवळीतील तरुणांना मोह पाडणारा एक प्रसंग विचारात घेतला पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो, मेन्लो पार्क आणि रेडवुड सिटी या, संगणकसम्राटांच्या वस्तीतील गावांमध्ये, रस्ता ओलांडण्यासाठी दाबावयाच्या बटणांमधून एलॉन मस्क आणि मार्क झकरबर्ग यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल ऐकू येऊ लागली. त्यांच्या संपत्तीची आणि अहंकाराची त्यात यथेच्छ टर उडविलेली होती. पाठोपाठ सिएटलमध्ये जेफ बेझोस यांची पाळी आली. जगातील सर्वांत धनाढ्य मंडळींची अशी खिल्ली उडालेली ऐकून कोणा समाजवाद्याला गुदगुल्या होणार नाहीत?

पण ते बोलके बटण तेथे कशासाठी होते? ज्याला डोळ्यांनी दिवा दिसत नाही त्याला ‘थांबा’ आणि ‘चला’ हे कानांनी कळावे म्हणून. पालो आल्टोच्या नगरपालिकेला दुरुस्ती होईपर्यंत आवाजाची सोय बंद ठेवावी लागली. ज्या धनिकांवर बाण सोडले होते, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. चौकात खोळंबली ती हाती पांढरी काठी घेतलेली अंध माणसे, ज्यांनी हक्कांच्या दीर्घ लढ्यानंतर ही सोय मिळविली होती. धनिकावर नेम धरला आणि गोळी दुबळ्याला लागली, तर त्या नेमबाजीला क्रांतिकारक म्हणता येणार नाही.

याचा अर्थ कायद्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणे सदैव निंद्यच असते असा नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये एका हमरस्त्यावरील मोठ्या फलकावर उत्तरेकडे जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या मार्गाची खूण नसल्यामुळे चालकांचा गोंधळ उडत असे. रिचर्ड अँक्रम या चित्रकाराने सरकारी नियमांत दिलेल्या मापांनुसार, रंगांनुसार हुबेहूब खूण तयार केली आणि ऑगस्ट २००१ मध्ये ती स्वतः वर चढून बसविली. पुढे आपले कृत्य त्यांनी स्वतःच उघड केले. वाहतूक खात्याने तपासणी केली, खूण निर्दोष ठरली आणि ती आठ वर्षे तशीच राहिली. २००९ मध्ये फलक बदलले गेले, तेव्हा ती खूण अधिकृत फलकावर समाविष्ट झाली. परवानगी अँक्रम यांनाही नव्हती. परंतु त्यांच्या कृतीने फलकाचा शब्द अधिक खरा झाला, वाटसरूचा लाभ झाला, आणि काही चुकले असते तर त्याचे उत्तर देण्यास ते नाव-गाव घेऊन उभे होते.

भारतातील समाजवादी चळवळीला ही कसोटी परकी नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी गेले ते भर दिवसा, सर्वांसमक्ष. तळे सार्वजनिक होते आणि ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्याबद्दल पडलेला मार त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलला. सत्याग्रही नियम मोडतो तो उघडपणे, आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. फलकाशी खेळणारा रात्री येतो, निनावी राहतो आणि किंमत दुसऱ्याच्या खात्यावर मांडून जातो. दोघांना एकाच तागडीत तोलणे हा सत्याग्रहाचा अपमान आहे.

महाराष्ट्रापासून हा प्रश्न दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर असे इलेक्ट्रॉनिक फलक उभे आहेत आणि शहरांतील चौकांतही ते वाढत आहेत. त्याच वेळी राज्यातील असंख्य रस्त्यांवर कामाची सूचना म्हणजे डांबराचे रिकामे पिंप, चार दगड, झाडाची फांदी आणि लाल फडके हलविणारा एखादा मजूर, हीच स्थिती आहे. तेथे तो माणूसच फलक असतो. फलक इलेक्ट्रॉनिक झाले म्हणून त्या मजुराचा जीव आपोआप सुरक्षित होणार नाही; फलक कोणाच्या तरी हाती जबाबदारीने असेल तरच होईल.

गुन्हा घडलाच तर शिक्षेसाठी कायदे आहेत. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीविरुद्ध १९८४ चा कायदा आहे. संगणकात अनधिकृत शिरकाव करणाऱ्यास २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु वीस वर्षांच्या पोराला तुरुंगात धाडल्याने उघडे कुलूप बंद होत नाही. त्याच्याकडून भरपाई घ्यावी, रस्त्याच्या कामावर काही काळ सार्वजनिक सेवा करवून घ्यावी, शंकूंच्या अलीकडून नव्हे तर पलीकडून जग कसे दिसते ते त्याला पाहू द्यावे. खरा बंदोबस्त मात्र निविदेच्या कागदावर व्हावयास हवा. प्रत्येक फलकाला जबाबदार अशा एका अधिकाऱ्याचे नाव असावे. मूळ सांकेतिक शब्द बदलल्याचा दाखला मिळाल्याखेरीज फलकाचे देयक अदा होऊ नये. पेटीला कुलूप आणि रात्रपाळीत एक फेरी बंधनकारक असावी. फलक बिघडला वा बदलला असेल तर दुरुस्तीपर्यंत, मजुरी न कापता, काम थांबविण्याचा अधिकार रस्त्यावरच्या कामगारांना असावा. तो कायम नोकरीत असो की रोजंदारीवर.

नगरपालिकांत आणि जिल्हा परिषदांत निवडून गेलेल्या कार्यकर्त्यांनी रस्त्याच्या पुढील कंत्राटाचा ठराव सभेपुढे येईल तेव्हा हे प्रश्न विचारावेत. सूचनाफलकासाठी किती रक्कम धरली आहे, त्याची किल्ली कोणाजवळ राहणार आहे आणि रात्री तेथे कोण असणार आहे? उत्तर मिळेपर्यंत ठरावाला संमती देऊ नये. ज्यांना धनिकांची टर उडवावयाची आहे त्यांना भिंती मोकळ्या आहेत, पथनाट्यासाठी चौक मोकळे आहेत, आणि खाली आपले नाव लिहिण्याची मुभाही आहे. रस्त्यावरचा फलक तेवढा, शंकूंपलीकडे पाठमोरा वाकून खडी पसरणाऱ्या माणसासाठी राहू द्यावा.